बदल सांगायचा तर ऑफिसात सांगा, लेथवर नको

नवीन काहीतरी बनवून बघायचंय म्हणून येणाऱ्यांसाठी आमचं वर्कशॉप उघडंच आहे. लेथ, मिलिंग, ड्रिल तासाच्या भाड्याने, कारागीर आमचा. दर फळ्यावर लिहिलेत. हे पत्रक काढलंय ते वेगळ्या कारणाने.

ऑफिसात ड्रॉइंग देऊन झालं की जाता जाता तुम्ही टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्याच्या, कानाशी लागता, "दादा, बोअर जरा सैलच ठेवा." जरा म्हणजे किती? ६२०५ नंबरचं बेअरिंग ज्यात बसतं त्या ५२ मिमी बोअरला (भोकाला) एच७ हे ठरलेलं फिट धरलं तर ५२ च्या वर फक्त ०.०३ मिमीची सूट असते. तुमच्या 'जरा'त ती केव्हाच संपते, आणि कापलेला धातू परत चिकटवता येत नाही. मग मोठ्या झालेल्या भोकात बुश (धातूची नळी) ठोका, पुन्हा सेटिंग करा. तोवर मागच्यांचे जॉब अडून राहतात आणि बिलावरून वाद होतो तो वेगळाच.

ही खोड जुनी आहे. बोस्टनला १०९ कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्स यांचं विजेच्या उपकरणांचं वर्कशॉप होतं. तरुण एडिसनचे प्रयोगही काही काळ तिथे चालले. १८७४ मध्ये ग्रॅहम बेल ऑफिस ओलांडून थेट थॉमस वॉटसन या वीस वर्षांच्या कारागिरासमोर जाऊन उभे राहिले. हार्मोनिक टेलिग्राफचे, म्हणजे एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवायच्या यंत्राचे, भाग सांगितल्याप्रमाणे झाले नव्हते म्हणून! वर्कशॉपची शिस्त मोडली, हे वॉटसनने पुढे लिहून ठेवलंय.

"पण त्यातूनच टेलिफोन झाला ना?" एका ग्राहकाने आम्हाला ऐकवलं. झाला. पण त्यासाठी दोघं बहुतेकदा कामाची वेळ संपल्यावर संध्याकाळी बसत. २ जून १८७५ ला तिथल्याच माळ्यावर स्क्रू जास्त आवळला गेल्याने त्या टेलिग्राफची एक पट्टी अडकली. वॉटसनने ती छेडली आणि दुसऱ्या खोलीत बेलना तारेतून तिचा आवाज ऐकू आला. अशी चूक दिवसा, दुसऱ्याचा जॉब चकमध्ये (लेथच्या पकडीत) असताना परवडत नाही.

तुम्हालाही करत करत शोधायचं असेल तर आमची संध्याकाळची पाळी घ्या. सहानंतर मशीन आणि कारागीर दोन्ही तुमचे, हवे तितके बदल सांगा, बिल तासावर. दिवसाच्या कामात मात्र बदल ड्रॉइंगवरच लाल पेनाने करून, तारीख घालून सही करा. तोंडी किंवा फोनवरचा बदल धरणार नाही. मापाची खात्री नसेल तर जो भाग आत बसायचाय तोच घेऊन या, माप आम्ही घेऊ. त्याचे पैसे लावत नाही.