अनुदानाच्या फॉर्ममधला 'अनुभव' हा रकाना आला कुठून

1982 ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला तेव्हा अनुदानासाठी स्वयंसेवी संस्था निवडायची भानगडच फारशी नव्हती, सगळा भर पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ट्रेनिंग देण्यावर. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात असं करून बघितलेलं, तो प्रयोग बघून 1996 ला 4 जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला, तोही सरकारी दवाखान्यांतूनच. संस्था धरायला लागले ते नंतर, डे केअर वगैरे चालवायला, आणि मग आले फॉर्म.

त्यात वादाचा रकाना एकच, 'मानसिक आरोग्य क्षेत्रातील अनुभव'. आता साताऱ्या-सांगलीकडं संस्थांचं जुनं काम म्हणजे मुख्यतः व्यसनमुक्ती. ते धरायचं का नाही? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रास घेतलेत, कायदा 2018 पासून लागू आहे, म्हणजे धरायलाच पाहिजे. पण व्यसनमुक्तीचं अनुदान येतं सामाजिक न्याय खात्याकडून आणि हे मानसिक आरोग्याचं आरोग्य खात्याकडून, त्यामुळं एका टेबलावर जे 15 वर्षांचं काम तेच दुसऱ्या टेबलावर "आमच्या हेडमध्ये" (म्हणजे खर्चाच्या सदरात) "बसत नाही". व्यसनमुक्ती केंद्राची नोंदणी मात्र त्याच कायद्याखाली मानसिक आरोग्य आस्थापना म्हणूनच करा म्हणतात! मला तरी हे पटत नाही, साहेब लोकांची बाजू असेलही काही.

दुसरं म्हणजे युसी, उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च केल्याचा दाखला. केंद्राच्या वित्तीय नियमांत आर्थिक वर्ष संपल्यावर 12 महिन्यांत ते द्यायचं असतं, ते अडकलं की पुढचा हप्ता अडकला. त्यामुळं ज्यानं आधी अनुदान घेऊन वेळेत युसी दिलंय तोच निवडणाऱ्याला बरा वाटतो, आणि नवीन संस्थेनं आधीचं युसी आणायचं कुठनं?

2019 च्या पुरानंतर सांगलीत एका संस्थेच्या फाईलींना हात लावायला गेलेलो. ऑडिट रिपोर्ट, हजेरीचे रजिस्टर गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलेले, शाई पसरलेली. तेच पुढं स्कॅन करून जोडलं तर शेरा आला, 'प्रत अस्पष्ट, सुवाच्य प्रत सादर करावी'. त्याच लोकांनी पूरग्रस्तांच्या कॅम्पात रात्र रात्र बसून माणसांना बोलतं केलेलं, पण त्याचा दाखला कुणी घेतला नव्हता, सही कुणाची घ्यायची हेच तेव्हा सुचलं नाही, सो फॉर्मवर तो रकाना कोराच गेला.