कॉर्डोमा की काँड्रोसार्कोमा? नावावर पुढचं बरंच ठरतं

नाकाच्या मागे, मेंदूच्या खोडाच्या अगदी पुढ्यात, कवटीच्या तळाला क्लायव्हस नावाचं हाड असतं. तिथे गाठ दिसली की एमआरआयच्या रिपोर्टवर अनेकदा दोन नावं शेजारी शेजारी येतात : 'कॉर्डोमा किंवा काँड्रोसार्कोमा'. दोन्ही दुर्मिळ, सहसा सावकाश वाढणाऱ्या आणि हाड पोखरणाऱ्या. त्रासही सारखाच. डोकं दुखतं, आणि एका वस्तूच्या दोन दिसू लागतात, कारण डोळा बाहेर वळवणारी सहावी नस या हाडाला लागूनच वर जाते. घरच्यांना वाटतं, नाव काही का असेना, गाठ काढायचीच आहे ना? पण तो 'किंवा' मिटेपर्यंत स्वस्थ बसू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

गर्भावस्थेत कणा घडताना नोटोकॉर्ड नावाचा एक दांडा आधाराला असतो. पुढे तो विरतो, पण त्याच्या काही पेशी मागे राहतात. कॉर्डोमा त्यांतून उगवतो, म्हणून तो बहुधा मधोमध सापडतो. काँड्रोसार्कोमा कूर्चेचा. आतला कान ज्यात असतो ते कठीण हाड क्लायव्हसला जिथे मिळतं, त्या फटीजवळ तो सुरू होतो, म्हणजे मध्यापासून जरा बाजूला. गाठ मोठी झाली की मात्र ही खूण पुसट होते.

एमआरआयच्या टी-२ चित्रांत दोन्ही पांढऱ्याफटक दिसतात. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमची कडी-कमानीसारखी नक्षी असेल तर झुकतं माप काँड्रोसार्कोमाला. गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं हे दाखवणाऱ्या एमआरआयच्या डिफ्युजन चित्रांचीही मदत होते. तरी शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचाच, आणि खरी फसगत तिथेच होते. काही कॉर्डोमांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली थेट कूर्चेसारखा दिसतो. एस-१०० ही तपासणी दोन्हींत पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तिच्यावर निवाडा होत नाही. निवाडा करते ती ब्रॅक्युरी या प्रथिनाची तपासणी : कॉर्डोमाच्या पेशींची केंद्रकं ती रंगवते, काँड्रोसार्कोमाची नाही. केराटिन या दुसऱ्या प्रथिनाचंही साधारण तसंच. उलट, आयडीएच जनुकातला बदल सापडला तर पारडं काँड्रोसार्कोमाकडे जातं. ही चूक किती होत असे? बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये कवटीच्या तळाच्या २०० काँड्रोसार्कोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३७ टक्के गाठींवर आधी कॉर्डोमाचा शिक्का बसलेला होता.

आता ऑपरेशन. दोन्ही गाठींसाठी नाकातून दुर्बिणीनं जाता येतं. फार बाजूला गेलेल्या गाठीला कवटीच्या बाजूनं वाट काढावी लागते. फरक आहे तो सर्जननं कुठवर जायचं यात. कॉर्डोमात पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात मोठी संधी. दिसणारी गाठ काढून भागत नाही, आजूबाजूचं हाडही ड्रिलनं घासावं लागतं, कारण पेशी तिथे शिरलेल्या असतात. गाठ परत आली तर दुसऱ्यांदा जाताना चिकटलेले, किरणोपचार झालेले ऊतक आडवे येतात, आणि मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळण्याचा धोकाही वाढतो. ऑपरेशनमध्ये कवटीच्या तळाला पडलेलं भोक बुजवायला नाकाच्या पडद्याचं रक्तपुरवठा असलेलं अस्तर वळवून लावतात. ते आधीच वापरून झालेलं असेल तर पंचाईत होते.

काँड्रोसार्कोमातही जास्तीत जास्त गाठ काढायचीच असते. पण एखादा पापुद्रा मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरॉटिड धमनीला किंवा डोळ्याच्या नसेला चिकटला असेल, तर तो तिथेच ठेवून पुढचं काम किरणोपचारांवर सोपवणं हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. नस गेली तर ती भरून येईलच असं नाही.

याला आधार आहे. त्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर प्रोटॉन आणि फोटॉन किरणोपचार घेतलेल्या रुग्णांची आकडेवारी, तीही १९९९ चीच, सांगते की दहा वर्षांनी काँड्रोसार्कोमा ९४ टक्क्यांमध्ये जागच्या जागी आटोक्यात होता, कॉर्डोमा ५४ टक्क्यांमध्ये. आकडे जुने आहेत, शस्त्रक्रिया तेव्हापासून पुष्कळ पुढे गेली आहे. पण दोघांमधलं अंतर लक्षात घ्यावं असंच आहे. आणि कॉर्डोमा बऱ्याच वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून त्याचे स्कॅन थांबवायचे नसतात.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ब्रॅक्युरीचा उल्लेख नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही. मेणाच्या ठोकळ्यात जपलेला तोच तुकडा बहुतेक वेळा पुरतो, आणि तो अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवता येतो.