कामावर अडखळून पडणे : दुखापत आणि भरपाईचा हक्क

अडखळून पडणे म्हणजे चालताना पाय अडथळ्याला लागून तोल जाणे व त्यातून इजा होणे. घसरून पडण्याशी याची सर्रास गल्लत होते. प्रत्यक्षात दोन्हींची कारणे वेगळी आणि जखमाही वेगळ्या. घसरताना पायाची पकड सुटून पाऊल पुढे सरकते आणि माणूस बहुधा मागे, माकडहाडावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटतो. अडखळताना पाऊल अडते, धड मात्र पुढे जातच राहते. सावरायला हात पुढे येतात आणि मार मनगट, कोपर, गुडघा, चेहरा यांवर बसतो. अपघाताच्या कागदात ‘घसरून पडला’ असे ठोकून दिले, की पुढे ‘फरशी तर कोरडी होती’ असा वाद उभा राहतो. म्हणून शब्द नेमका हवा.

सपाट जमिनीवर चालताना पुढे येणाऱ्या पायाची बोटे एका क्षणी जमिनीपासून जेमतेम १ ते २ सेंटिमीटर वर असतात आणि त्याच सुमारास पावलाचा वेग सर्वांत जास्त असतो. वाटेतले मोठे खोके दिसते, ते टाळता येते. घात करते ती उचकटलेली फरशी, दुमडलेली चटई, वेल्डिंगची केबल, पाण्याचा पाइप, दाराचा उंबरा किंवा लाकडी पॅलेटचा बाहेर आलेला कोपरा. जिन्यात एकच पायरी बाकीच्यांपेक्षा थोडी उंच असली तरी पाय चुकतो, कारण दोन-तीन पायऱ्यांनंतर माणूस न बघता, सवयीने चढतो. दोन्ही हातांत खोकी असली की समोरची जमीन दिसत नाही. लख्ख उन्हातून अंधाऱ्या गोदामात शिरल्यावर पहिली काही पावले आंधळीच पडतात. ‘बघून चालायचे ना’ हा शेरा सोपा असतो, पण तो या कारणांपैकी एकही दूर करत नाही.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ नुसार फरशी, पायऱ्या व ये-जा करण्याच्या वाटा भक्कम, दुरुस्त आणि अडथळ्यांपासून मोकळ्या ठेवणे मालकावर बंधनकारक होते. कलम ३३ जमिनीतील खड्डे व उघडी तोंडे झाकण्याबद्दल होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता (एकत्रित कायदे) लागू झाल्या. सुरक्षेचा भाग आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत, तर भरपाईचा सामाजिक सुरक्षा संहितेत येतो. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाची चौकट या दुसऱ्या संहितेत बरीचशी तशीच उतरली आहे.

या चौकटीचा गाभा असा, की भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढे पुरते. कामगाराचा निष्काळजीपणा हा बचाव ठरत नाही. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद आहेत. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही लागू होत नाहीत. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवता आला तर, संहितेच्या कक्षेत येतो.

दावा कुठे करायचा हे आधी ठरवावे. कामगार ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली विमित असेल (वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये), तर त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. लाभ ईएसआयकडूनच मिळतो. तात्पुरत्या अक्षमतेत तो सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के असतो आणि कामावरच्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नाही, म्हणजे पहिल्या दिवशी पडलेल्यालाही हक्क आहे. ईएसआय नसेल तर मालकाकडून तात्पुरत्या अक्षमतेसाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. अक्षमता तीन दिवसांपेक्षा जास्त टिकावी लागते. कायमच्या पूर्ण अपंगत्वात मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसारच्या गुणकाने गुणतात. चाळिशीच्या कामगाराचा गुणक १८४.१७. भरपाईसाठी धरलेले मासिक वेतन १५,००० रुपये असेल, तर रक्कम १६,५७,५३० रुपये. कमाईची क्षमता २० टक्के घटली असेल तर त्याचा पाचवा भाग, ३,३१,५०६ रुपये.

अडखळण्याच्या दाव्यात खरा कस लागतो तो या टक्क्यावर. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा तुटणे, डोळा जाणे अशा इजांचे टक्के ठरवून दिले आहेत. आखडलेले मनगट किंवा गुडघ्याची फाटलेली गादी त्यात नाही. अशा इजेत डॉक्टरने कमाईच्या क्षमतेतील घट प्रमाणित करावी लागते, आणि ती त्या माणसाच्या कामाच्या संदर्भात. प्रतापनारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडून डावा हात गमावलेल्या सुताराचे अपंगत्व पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा प्रमाणपत्रात नुसते ‘मनगट १५ टक्के’ नको. कामगाराला वजन उचलता येते का, अवजार पकडता येते का, हेही लिहिलेले हवे.

डॉक्टरच्या पहिल्या कागदाची गोची वेगळीच. हातावर पडल्यावर मनगटातील स्कॅफॉइड या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. ‘मुरगळ’ लिहून दोन दिवसांची रजा मिळते आणि पुढे हाड न जुळल्याचे कळते तेव्हा इजेचा अपघाताशी संबंध नाकारला जातो. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. डॉक्टरला पहिल्याच भेटीत ‘कामावर केबलमध्ये पाय अडकून पडलो’ असे सांगावे आणि केसपेपरवर तसेच लिहून घ्यावे.

जागेचा पुरावा तासाभरात नाहीसा होतो: केबल गुंडाळली जाते, फरशी बसवली जाते. सहकाऱ्याने लगेच दोन फोटो काढावेत, एक जवळून (शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून) आणि एक दुरून, आजूबाजूची जागा दिसेल असा. अपघात नोंदवहीत नोंद करून तिचाही फोटो ठेवावा. सुपरवायझरला तोंडी सांगितले असले तरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकावी. हजेरी आणि पगाराची पावती जपावी. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मालक ‘हा आमचा माणूसच नाही’ असे म्हणतो तेव्हा याच कागदांवर भिस्त असते. काम कंत्राटदारामार्फत असले तरी भरपाई मूळ मालकाकडे, म्हणजे ज्याचे काम चालू आहे त्याच्याकडे, मागता येते. त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी.

थोडी रक्कम हातावर ठेवून ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर सही घेणे ही जुनी पद्धत आहे. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे सही झाली म्हणून दावा संपत नाही. तो अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा. उशिराला पुरेसे कारण असेल तर माफी मिळू शकते.