गोणपाट कुठल्या चाकाखाली?

गेल्या पावसाळ्यात परळला, खोदलेल्या रस्त्याच्या कडेला एक टेम्पो रुतला. मागचं डावं चाक चिखलात गरागरा फिरतंय आणि उजवं, चक्क डांबरावर, ढिम्म. बघ्यांपैकी एकाचं निदान: "सगळी ताकद फिरणाऱ्या चाकालाच जातेय." हे निम्मं चूक आहे.

इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट हा प्रवास शाळेत वाचलेला असतो. गिअर म्हणजे वेग सोडून जोर कमावणं, एवढं आठवलं तरी पुरे. खरी गंमत मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या फुगीर डब्यात, डिफरन्शिअलमध्ये आहे.

दादरच्या खोदादाद सर्कलला गाडीने पूर्ण फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त पळतं. किती? चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा: 2 × 3.14 × 1.5, म्हणजे सुमारे 9.4 मीटर. सर्कल केवढं, हे हिशेबात येतच नाही! अख्ख्या मुंबईला वळसा घातला तरी फरक तेवढाच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की ठोकली, तर एक घासटणारच. (लोकलची चाकं तशीच पक्की असतात, पण त्यांना किंचित शंकूचा उतार असतो. तो वेगळा लेख.)

1820च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने वाफेच्या गाडीसाठी यावर तोड काढली. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल उभी धरा. दोन्ही हात सारखे पुढे न्या, पेन्सिल न फिरता पुढे जाते. एक हात थांबवा, ती गोल फिरत निम्म्या वेगाने सरकते. डब्यातली छोटी गिअरं म्हणजे ही पेन्सिल, तळवे म्हणजे दोन चाकांचे आस. फक्त इथे ढकलते पेन्सिल. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी ठरलेली, म्हणून एक थांबलं की दुसरं दुप्पट. आणि पेन्सिल मोकळी फिरणारी, तिला एका बाजूला जास्त रेटताच येत नाही. जोर दोन्हीकडे सारखाच.

चिखल विरोध करत नाही, म्हणून डाव्या चाकाला जोर नगण्य, आणि उजव्यालाही तेवढाच. वेग मात्र सगळा डाव्याचा.

'इलेक्ट्रिक गाडीत गिअरच नसतात' असं ठोकून देणाऱ्यांनीही ऐकावं: एका मोटरवर दोन चाकं फिरवायची, तर हा डबा तिथेही लागतोच.

टेम्पोला पुढे लिंबू-मिरची होती. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलंही नाही, गोणपाट काढलं आणि डाव्या चाकाखाली सारलं.