गौरीजेवण ते तुळशीचं लग्न

घरातली कुत्री गाभण आहे हे अगदी शेवटी शेवटी कळलं, तर घरच्यांना फार बोल लावू नये. तिचं शरीरच ही बातमी दडवून ठेवतं. आणि गंमत अशी, की गाभण नसतानाही तेच शरीर गाभण असल्याची हुबेहूब बतावणी करू शकतं.

बडोद्याला दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात दिवाळीच्या दिवसांत कुत्री जाड दिसायला लागली, तेव्हा पहिला संशय गेला फराळावर. आजी चकल्या चारते असं सुनेचं म्हणणं, नातू चारतो असं आजीचं. भाऊबीज उरकल्यावर तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटावरून हात फिरवला, सडांकडे पाहिलं आणि एक्सरे काढायला सांगितलं. फिल्म उजेडासमोर धरून ते बोटानं मणके मोजायला लागले. पाच कणे, पाच कवट्या.

“आजी, हा फराळ नाही. आठवड्या-दीड आठवड्यात बाळंतपण आहे.”

“अहो डॉक्टर, पण ती घराबाहेर पडतच नाही!”

“गणपतीत दार बंद ठेवलं होतं का?”

गणपतीत दार कोण बंद ठेवतं? बीजांडकोशातून बीजं सुटल्यापासून कुत्रीचे दिवस भरायला साधारण 63 दिवस लागतात. तिथीच्या हिशेबात दोन महिने आणि वर चारेक दिवस. म्हणजे गौरीजेवणाच्या गडबडीत जे जमलं, त्याची पिल्लं तुळशीच्या लग्नाच्या आसपास. आणि भाद्रपद व कुत्री यांचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगायला नकोच. भारतातल्या मोकाट कुत्र्यांचे जे अभ्यास झाले आहेत त्यांतही पावसाळा सरताना समागम आणि हिवाळ्यात पिल्लं, असंच चित्र दिसतं. घरातल्या कुत्रीला तसा मोसम नसतो, ती साधारण सहा-सात महिन्यांनी, वर्षात कधीही माजावर येते. पण तिचा माज नेमका भाद्रपदात आला, तर शेरीतले झाडून सगळे कुत्रे तिच्या वासावर दाराशी येऊन बसतात.

घात होतो तो बहुतेक वेळा एका समजुतीमुळे. रक्त जातंय तोवर कुत्रीला सांभाळायचं, रक्त थांबलं की सुटलो, असं पुष्कळ घरांत मानतात. प्रत्यक्षात उलटं आहे. माजाचे पहिले आठ-नऊ दिवस रक्तस्राव असतो, तेव्हा कुत्रे मागे लागतात, पण ती स्वतः त्यांना जवळ येऊ देत नाही, गुरगुरते, खाली बसते. स्राव फिकट, वाळल्या गवताच्या रंगाचा होऊ लागला की पुढचे आठ-नऊ दिवस खरे जोखमीचे. आता ती शेपूट बाजूला करून उभी राहते. आणि आपण नेमकं याच वेळी तिला गच्चीवर, अंगणात मोकळं सोडतो.

त्यात आणखी एक भर. कुत्रीची बीजं कच्चीच सुटतात आणि फलनाला तयार व्हायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. पण कुत्र्याचे शुक्रजंतू तिच्या शरीरात आठवडाभर तग धरू शकतात. त्यामुळे पाच मिनिटं दार उघडं राहिलं तो दिवस नेमका “तो” नसला तरी काही बिघडत नाही, शुक्रजंतू वाट पाहतात. समागमाच्या तारखेपासून मोजलं तर बाळंतपण 57 व्या दिवसापासून 72 व्या दिवसापर्यंत कधीही होतं, त्याचं कारण हेच. शिवाय त्या आठवड्यात दोन वेगळे कुत्रे येऊन गेले असतील, तर एकाच वेताची पिल्लं दोन बापांची असू शकतात. एक पिल्लू काळं कुळकुळीत आणि दुसरं भुरं निघालं म्हणून लगेच ही शंका घेऊ नये, एका बापाचीही निघतात. पण शक्यता खरी आहे.

कुत्रा-कुत्री अडकलेली दिसली की पाणी ओतणारे, दगड मारणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात. हा नुसता क्रूरपणा नाही, तो निरुपयोगीही आहे. कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठ फुगते आणि योनीत घट्ट बसते. ती उतरायला पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. शुक्रजंतू तर सुरुवातीलाच आत गेलेले असतात. ओढाताणीनं दोघांनाही इजा होते आणि गर्भ राहायचा तो राहतोच.

आता मूळ प्रश्न. दोन महिने कळत कसं नाही?

बाईला गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दोन आठवड्यांत उतरतं आणि पाळी येते. शरीर लगेच निकाल देतं. कुत्रीत असा निकालच लागत नाही. बीजं सुटल्यावर बीजांडकोशात पीतपिंड नावाचे जे छोटे गोळे बनतात ते गर्भ असो वा नसो, जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन सोडत राहतात. म्हणजे माजावर येऊन गेलेली प्रत्येक कुत्री संप्रेरकांच्या दृष्टीनं गर्भारच असते. शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं आणि काही कुत्र्या कुत्र्याचं तोंडही न पाहता दुधावर येतात, पलंगाखाली चिंध्या ओढून घर करतात, रबरी बाहुलीला चाटत बसतात. याला खोटं गर्भारपण म्हणतात, पण तो आजार नाही. लांडग्यांच्या कळपात सहसा एकाच मादीला पिल्लं होतात. बाकीच्या माद्यांना त्याच सुमारास पान्हा फुटला तर त्या दाईचं काम करू शकतात. ही सवय तिथून आली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे, आणि मला तो पटतो.

म्हणूनच औषधाच्या दुकानातली माणसांची चाचणी-पट्टी इथे कुचकामी. ती जे संप्रेरक शोधते ते कुत्रीत तयारच होत नाही. प्रोजेस्टेरॉन मोजूनही उपयोग नाही. संप्रेरकांत भरवशाचं एकच, रिलॅक्सिन, कारण ते वारेतून येतं आणि गर्भाशिवाय वार नाही. साधारण महिन्याभरानं ते रक्तात सापडतं. सोनोग्राफीत 25 व्या दिवसाच्या आसपास पिल्लांची हृदयं धडधडताना दिसतात. हाडं मात्र 45 व्या दिवसानंतर एक्सरेत उमटतात, आणि नीट मोजायची तर 55 दिवस थांबावं. पोट दिसायलाही पाच-सहा आठवडे जातात, कारण पिल्लांची बरीचशी वाढ शेवटच्या तीन आठवड्यांत होते. पहिलटकरणीसारखी ती हौसेनं खात असेल तर नुसती लठ्ठच वाटते.

पोट वाढलंय, पाणी फार पिते, मरगळलीय, आणि माज येऊन महिना-दोन महिने झालेत, असं असेल तर मात्र पिल्लांची वाट पाहत बसू नये. गर्भाशयात पू झाला तरी हीच लक्षणं दिसतात. खाली स्राव असेलच असं नाही, गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आतच साठतो आणि जीव जातो.

पिल्लं नको असतील तर डॉक्टरांकडे लवकर जावं, ऑपरेशन होऊ शकतं. कुणी सांगितलं म्हणून इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देऊ नये. त्यानं अस्थिमज्जा निकामी होऊ शकते आणि पू होण्याचा धोकाही वाढतो.

ठेवायची ठरवली, तर कॅल्शियमच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं चालू करू नका. गर्भारपणी वरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून देणाऱ्या ग्रंथी सुस्तावतात, आणि दूध सुरू झाल्यावर नेमकं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. लहान जातीच्या, जास्त पिल्लांच्या कुत्र्यांत हे विशेष दिसतं. धापा, थरथर, ताठरलेले पाय, मग झटके. त्याला घरगुती उपाय नाही, शिरेतूनच कॅल्शियम द्यावं लागतं.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा थर्मामीटर लावावा. नेहमीचं 101-102 अंश फॅरनहाइट तापमान 99 च्या खाली घसरलं, की साधारण चोवीस तासांत पिल्लं. हिरवट काळा स्राव पहिल्या पिल्लानंतर आला तर घाबरू नका, तो वारेचा रंग असतो. पहिल्या पिल्लाच्या आधी आला तर ताबडतोब डॉक्टर.

गुजरातेत शेरीतली कुत्री व्याली की मुलं घरोघरून पीठ, गूळ, तूप गोळा करून तिला शिरा करून घालतात. दांडिया बाजारच्या आजींनीही केला. ताकदीला तो बरा, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध ऐन भरात असताना तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. पण त्यात प्रथिनं फारशी नाहीत. सोबत अंडी नाहीतर पिल्लांचं तयार खाद्य हवंच.

पिल्लं दूध सोडतात आणि तिचे सड आटतात तोवर संक्रांत होऊन जाते. नसबंदीचं ऑपरेशन तेव्हा करून घ्यावं. नाहीतर उन्हाळ्यात ती पुन्हा माजावर येईल, घरात ठेवलेला नर पिल्लू तोवर सहा महिन्यांचा होईल, आणि त्याला ती आई असल्याचं काहीही वाटणार नाही. दार बंद असलं तरी.