ओल्या फडक्याचा चटका

आमच्या सांगलीच्या घरात सांडशी होती, पण ऐनवेळी ती कधीच सापडायची नाही. मग फडक्यानं पातेलं उतरवायचं. एकदा नुकतंच पिळलेलं फडकं हाताला लागलं. दोन सेकंदांत बोटं भाजली, पातेलं कसंबसं टेकवलं, तरी निम्मं दूध ओट्यावर. ओलं म्हणजे गार, हा माझा हिशेब तिथं चुकला.

कोरड्या सुती कापडात सुतापेक्षा हवाच जास्त. उष्णता पुढं ढकलण्यात हवा महाआळशी. तिची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन. पाण्याची ०.६, म्हणजे जवळजवळ २३ पट. पिळलेल्या फडक्यात हवेची बरीच जागा पाण्यानं घेतलेली असते. त्यात पातेल्याकडच्या बाजूला वाफ होते, ती धाग्यांतून गार बाजूला येऊन पुन्हा पाणी होते आणि पोटातली सगळी उष्णता बोटांवर उतरवते. (माठ गार करतो तो बाष्पीभवनानं. ती गोष्ट वेगळी.)

खरी गंमत थोड्याशा ओलीत आहे. कृष्णेकाठची कोरडी वाळू घ्या. दोन कण एकमेकांना जेमतेम टेकलेले, मध्ये सगळी हवा. उष्णतेला वाट काय ती त्या टेकलेल्या टोकातून. पाणी शिंपडलं की ते आधी नेमकं त्या सांध्यातच जाऊन बसतं आणि कणाकणांत पूल पडतात. कोरड्या वाळूची वाहकता ०.३ च्या आसपास, पूर्ण भिजलेलीची २ च्या घरात. पण यातली बरीचशी वाढ सुरुवातीच्या ओलीतच उरकते. नंतर बादलीभर ओता, तेवढा फरक पडत नाही.

विटेच्या भिंतीचंही तेच. २०१९ चा पूर ओसरल्यावर सांगलीच्या गावभागात जो तो भिंतीला तळवा लावून बघायचा. रंग सुकलेला दिसे, तरी हाताला गारवा लागे. भिंत काही फ्रीजमधून आलेली नव्हती. ओल्या विटा तळव्याची ऊब कोरड्यांपेक्षा लवकर ओढून घेत होत्या. मातीची उष्णतावाहकता मोजणारे लोक तिच्यात एक बारीक सुई खुपसतात, ती तापवतात आणि सुई किती सावकाश तापतेय ते बघतात; जितकी सावकाश, तितकी माती उष्णता लवकर ओढून नेतेय. गवंडी ते काम नुसत्या तळव्यानं करतो आणि म्हणतो, “अजून महिनाभर गिलावा नको.”