खात्याचा नंबर कसा पडतो आणि फाइलमध्ये कसा राहतो

आमचे उधारी-खात्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नाशिक परिसरातील कृषी सेवा केंद्रांसाठी

रामकुंडावर विधीसाठी आलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि त्या घराण्याची नोंद काढून दाखवतात. आमच्या प्रोग्रॅममधली ‘डिक्शनरी’ म्हणजे हीच रीत. अर्थ बघायचा शब्दकोश नव्हे; नाव दिले की त्या नावाची नोंद पुढे येते, एवढेच.

घोळ नावातच होतो. ‘पाटील, निफाड’ तुमच्याकडेही दोन-तीन असतील. शिवाय ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे. (हे लक्षात आल्यापासून नाव साठवण्याआधी आम्ही एकच प्रकार करून घेतो.) म्हणून प्रत्येक खात्याला चढता नंबर.

नंबर देणे सोपे वाटते: खाती मोजा, एक मिळवा. पहिल्या आवृत्तीत आम्ही तेच केले आणि फसलो. समजा ५० खाती आहेत. १२ नंबरचे काढून टाकले, उरली ४९. नव्या शेतकऱ्याला मिळाला ५०, जो आधीच दुसऱ्याचा आहे. एकाच्या फवारणीच्या औषधाची उधारी दुसऱ्याच्या माथी! मग ‘सर्वांत मोठा नंबर अधिक एक’ केले. तेही अपुरे. ५० नंबरचेच खाते काढून टाकले, तर पुढच्याला पुन्हा ५० मिळतो आणि जुन्या बिलांवरचा ५० मात्र आधीच्या माणसाचा असतो.

आता ‘पुढचा नंबर’ ही वेगळी नोंद खात्यांच्याच फाइलमध्ये असते. ती फक्त वाढते. मधले नंबर गळालेले दिसले तर चूक समजू नका, पावतीपुस्तकात रद्द पावतीचा नंबर आपण दुसऱ्याला देत नाही, तसेच हे.

फाइल ‘जेसन’ प्रकारची, साधी मजकुराची आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी नावे मराठीतच दिसतात. या प्रकाराची एक खोड आहे: शोधायच्या किल्लीच्या (ज्यावरून नोंद शोधायची, आपल्याकडे खात्याचा नंबर) जागी आकडा ठेवला, तर तो मजकूर होऊन साठतो. फाइल पुन्हा वाचल्यावर ५० हा आकडा शोधला की ‘खाते नाही’ असे उत्तर येते. म्हणून वाचताना आम्ही किल्ल्यांचे पुन्हा आकडे करून घेतो.

साठवताना वीज गेली तर? आधी शेजारी नवी फाइल पूर्ण लिहिली जाते, मगच ती जुनीची जागा घेते. शेवटची एखादी नोंद पुन्हा करावी लागेल, पण खातेवही अर्धवट फाटणार नाही.

दोन काउंटर असतील तर नंबर एकाच संगणकाने द्यायचा. दोघांनी एकाच वेळी तीच फाइल वाचली, तर दोघेही तोच नंबर देतील, आणि ज्याने नंतर साठवले त्याचीच नोंद उरेल.

एक्सेलसाठी काढलेली यादी फक्त बघायला. ०००५० हा खाते क्रमांक एक्सेल आकडा समजते आणि सुरुवातीची शून्ये गाळते. ती यादी पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरू नका.

खाते नको असेल तर ‘काढा’ऐवजी ‘बंद करा’ वापरा. आणि आम्हाला फोन कराल तेव्हा नावाआधी नंबर सांगा.